मागच्या सीटवरून दोन मोटरसायकली

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी, मुडबीच्या अलीकडे, रस्त्यावर मळणीसाठी पसरलेल्या तुरीवर एक निळी मोटरसायकल आडवी झाली. चालवत होते माझे पती. मागे मी होते. मोटरसायकल आमची नव्हती. घ्यायची की नाही हे ठरवण्यासाठी ती एका दिवसापुरती मागून आणली होती.

एका मराठी दैनिकाच्या सीमाभागाच्या पानासाठी मी बसवकल्याणहून बातम्या पाठवते. कोणी दगावलं नसेल तर अशा पडण्याची बातमी होत नाही. दगावलं तर साचा ठरलेला आहे: ठिकाण, वेळ, वाहन, चालवणाऱ्याचं नाव आणि वय. मागे बाई बसलेली असेल तर पहिल्या दिवशी ‘पाठीमागे बसलेली महिला’ एवढंच जातं. नाव दुसऱ्या दिवशी कळतं आणि तोवर पानावर दुसरं काही आलेलं असतं. हे शब्द मी इतक्यांदा टाइप केले आहेत की मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसले की ते वाक्य डोक्यात आपोआप तयार होत जातं. पुढे जे गाव येईल त्याचं नाव त्यात बसतं. ते गाव मागे पडलं की पुढचं.

पती एका खेड्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवतात. शाळेला एका जुन्या, लहान मोटरसायकलवर जातात. निवृत्ती जवळ आली आहे. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांनी मोटरसायकलवरून कारवारला उतरायचं आणि समुद्र उजव्या हाताला ठेवत कन्याकुमारीपर्यंत जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. जुन्या गाडीवर ते होणार नव्हतं. लांबच्या प्रवासासाठी बनवलेली मोठी मोटरसायकल हवी होती. अशा बऱ्याच बघून झाल्यावर गोष्ट दोन गाड्यांवर येऊन अडली. त्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या आहेत आणि दोन्हींचे चाहते एकमेकांना पाण्यात पाहतात.

एक निळी. उंच, अंगाने सडपातळ, चाकांना तारा, खड्ड्यात न आपटणारी. दुसरी काळी. बुटकी, जड, पोटासारखी गोल टाकी, मागे रुंद सीट. पती महिनोन्‌महिने मोबाइलवर दोन्हींचे व्हिडिओ बघत होते. हिंदी, कन्नड, तेलुगू, जे मिळेल ते. जेवताना मिठाची बरणी म्हणजे निळी आणि लोणच्याची म्हणजे काळी.

“हे बग,” ते मिठाची बरणी ताटाच्या कडेने फिरवत म्हणायचे, “ही कुठंबी जाती. खड्डा असू दे, कच्चा रस्ता असू दे. हिला काई फरक पडत न्हाई.”

“आणि लोणचं?”

“लोणचं म्हशीवानी हाय. बसलीस की बसलीस. हलणार न्हाई. पण जड लई.”

“पडल्यावर उचलायला कुठली सोपी?”

“तुझं सुरूच पडण्यापासून व्हतंय. कामून एवढं भ्यायलीस? तुला चालवायचीय का? तू निस्तं माझ्यामागं बसायचं.”

माझी अडचण तीच होती, पण त्यांनी बरणी जागेवर ठेवली होती आणि वरणाची वाटी पुढे केली होती.

आमच्याकडे शोरूमवाल्याने दिलेल्या फेरीवर कोणी गाडी घेत नाही. ती फेरी पुढच्या चौकापर्यंत असते आणि मागे त्यांचा माणूस बसलेला असतो. ओळखीत तीच गाडी कोणाकडे आहे ते शोधायचं, सकाळी जाऊन मागायची, बायकोला मागे बसवायचं आणि पाव्हण्यांच्या गावाला जाऊन यायचं. गाडी देणाराही नाही म्हणत नाही, कारण त्यानेही ती अशीच कोणाची तरी मागून आणून घेतलेली असते.

काळी माझ्या धाकट्या भावाकडे होती. डिसेंबरात ती आणली. पतींची पुतणी कडगंचीच्या विद्यापीठात शिकते आणि तिथल्याच वसतिगृहात राहते. तिच्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी घेऊन आम्ही आळंदमार्गे निघालो. मागची सीट खरोखर रुंद होती. पाय ठेवायला जागा नीट होती आणि धरायला दोन्ही बाजूंना दांडी होती. मी ती वाटेत कुठेच सोडली नाही. रस्त्यातल्या गावांची नावं वाक्यात बसत गेली. कडगंची आलं तेव्हा माझ्या बोटांची पेरं पांढरी झाली होती.

वसतिगृहाच्या फाटकाशी पुतणी आली आणि नाक मुरडून म्हणाली, “काका, काहीतरी जळायलंय.”

तिघांनी इकडेतिकडे पाहिलं. मग ती खाली वाकली. “अगं बाई! काका, तुमचा बूट!”

उजव्या बुटाच्या टाचेचं रबर वितळून धुराच्या नळीला चिकटलं होतं. टाच किती वेळ नळीला टेकलेली होती हे सांगता येणार नाही. बूट काढला तेव्हा मोज्यालाही तपकिरी डाग होता.

“चटका कळला न्हाई काका?”

“बूट जाड हाय ना. कळंल कसं?” ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “काळीचा एक मार्क कमी. नळी लई जवळ हाय.”

पुतणी हसली. मीही हसले. परत येताना मी त्यांच्या उजव्या टाचेवर लक्ष ठेवलं. दोनदा मला त्यांच्या कमरेला बोट लावून सांगावं लागलं की टाच पुन्हा टेकली आहे. दोन्ही वेळा त्यांनी पाय हलवला आणि दोन्ही वेळा ते म्हणाले, “व्हय का?”

दिवाळीच्या सुमारास ते बाजारातून भाजी घेऊन एका पायात चप्पल घालून घरी आले होते. दुसरी कुठे निसटली त्यांना माहीत नव्हतं. पिशवी माझ्या हातात देईपर्यंत ती निसटली आहे हेही माहीत नव्हतं. तेव्हा त्यावर घरात बरीच थट्टा झाली होती. कडगंचीहून परतताना मला ती चप्पल आठवली. पण दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्याने त्यांचा संबंध सिद्ध होत नाही, हे मी नव्या वार्ताहरांना सांगत आलेय, आणि तेच स्वतःला सांगून मी गप्प बसले.

निळी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे होती. त्याचं आता बाजारात अडत दुकान आहे. त्याने किल्ली दोन्ही हातांनी दिली. “सर, तुमचीच समजा. फकस्त हे बटण बगून घ्या.”

ते बटण हाच निळीचा मोठा गुण होता. दोन्ही गाड्यांना एबीएस आहे. ब्रेक जोरात दाबला तरी चाक पूर्ण अडकू न देणारी ही यंत्रणा. निळीवर बटण दाबून मागच्या चाकापुरती ती बंद करता येते. खडीवर, वाळूवर चालवणारे ती बंद करतात. सगळ्या व्हिडिओंत हे सांगितलेलं होतं आणि पतींना ते तोंडपाठ होतं: डांबरावर चालू, सुट्या जमिनीवर मागचं बंद.

मुडबीला माझी नणंद राहते. तिच्याकडे जेवायला निघालो. तुरीचा हंगाम होता. या दिवसांत आमच्याकडचे लहान रस्ते म्हणजे खळी असतात. कापलेली तूर शेंगांसकट डांबरावर पसरतात, कडेने धोंड्यांची रांग लावतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रक-टेंपोच्या चाकांखाली मळणी होते. मोटरसायकलवाल्यांनी तिथे काय करायचं हे प्रत्येकाला ठाऊक आहे. अलीकडेच वेग कमी करायचा, ब्रेकला हात-पाय लावायचा नाही, सरळ निघून जायचं. पतीही इतकी वर्षं तेच करत आले होते. जुन्या गाडीला असलं बटणच नव्हतं.

त्या दिवशी तुरीच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवली.

“काय झालं?” मी विचारलं.

“सुटी जमीन हाय. मागचं बंद करतो. आता बग गंमत.”

“अहो, सरळ जा की. रोज जाता तसं.”

“मग ही गाडी आणली कशाला?”

बटण दाबलं. समोर पिवळा दिवा लागला. आम्ही तुरीवर चढलो. चाकांखाली शेंगा तडतडत होत्या. समोरून एक टेंपो आला आणि त्याला धोंड्यांमधून वाट नव्हती. रस्त्याच्या कडेला तूर ओढायचं दाताळं घेऊन उभा असलेला एक माणूस दोन्ही हात वर करून ओरडला, “बिरेक मारू नगा! अण्णा, बिरेक मारू नगा!” मला ते नीट ऐकू आलं. पतींनीही ऐकलं. आपण ब्रेक दाबलाच नव्हता, असं ते नंतर कितीतरी दिवस सांगत राहिले. मागचं चाक एकदम थांबलं आणि गाडी डावीकडे घसरली. माझ्या डोक्यात वाक्य तयार झालं होतं आणि त्यात मुडबी हे नाव बसलेलं होतं.

मी तुरीवर पडले. तूर जाड पसरली होती. कोपर खरचटलं, एवढंच. टेंपो थांबला होता. दाताळंवाला आणि त्याच्यामागून त्याची बायको धावत आली.

“अक्का, लागलं का? उठू नका, उठू नका, आदी हात हलवून बगा.” बाईने माझी बोटं एकेक करून वाकवली. मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, “म्या सांगितलं व्हतं, धोंडे आत घेऊ नगा म्हणून.”

“धोंड्यानं पडले का? बिरेक मारले म्हणून पडले,” तो म्हणाला. “किती वरडलाव आमी. मास्तरच हाव ना तुमी? रोज जाताव की हितून. आज काय नवी गाडी म्हणून नाचायलाव का?”

“मी ब्रेक मारला न्हाई,” पती म्हणाले. ते कपडे झटकत उभे होते.

“मारला न्हाई तर चाक कसं थांबलं? तुरीनं धरलं व्हय?”

टेंपोवाला मोठ्याने हसला. गाडी चौघांनी उभी केली. डावा आरसा तुटून शेजारच्या शेतात उडाला होता. पती तो आणायला बांध उतरून गेले. त्या शेतातली तूर कापून झाली होती आणि जमिनीवर धसकटं उभी होती. तुरीचं धसकट बोटाएवढं जाड असतं, तिरपं कापलेलं, वाळल्यावर लोखंडासारखं. ट्रॅक्टरच्या टायरलाही ते भोक पाडतं, म्हणून अशा शेतात आमच्याकडे कोणी पाय न बघता टाकत नाही. पतींना आरसा सापडला. तो पुसत, माझ्याशी बोलत ते परत आले.

“दोष गाडीचा हाय,” ते म्हणत होते. “पाय लावायच्या आदीच मागचा ब्रेक धरतोय. काळी अशी करणार न्हाई.”

शेतकरणीने बोलता बोलता थांबून त्यांच्या पायाकडे पाहिलं. “मास्तर,” ती म्हणाली, “तुमच्या पायात काय घुसलंय बगा.”

उजव्या कापडी बुटाच्या तळव्यातून धसकट वर आलं होतं. बुटाच्या वरच्या बाजूने, करंगळीजवळ, त्याचं टोक दिसत होतं. पाऊल उचलताना मुळासकट उपटून आलेला मातीचा गोळा तळव्याखाली लोंबत होता. बांधापासून आमच्यापर्यंत ते तसेच चालत आले होते. ते लंगडले नव्हते. चालताना त्यांचं वाक्यही तुटलं नव्हतं.

टेंपोवाल्याने तोंड दुसरीकडे केलं.

“बुटातच घुसलं असंल,” पती म्हणाले. त्यांनी खाली बसून धसकट ओढून काढलं, जसं कोणी चपलेत अडकलेला खडा काढावा तसं. बूट उतरवला. मोजा भिजलेला होता. त्यांनी तो पिळल्यासारखा दाबला आणि मग माझ्याकडे पाहिलं. ते घाबरले होते की चिडले होते, हे मी त्या वेळी सांगू शकले नसते.

शेतकरणीने डोक्यावरचा पदर सोडून त्याची पट्टी फाडायला घेतली. मी तिला माझी ओढणी दिली. तिचा नवरा हळू आवाजात म्हणाला, “अण्णा, टेंपोत बसा. गाडी म्या आणून देतो.”

बसवकल्याणच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जखम धुवायला घेतली. आत काड्यांचे तुकडे राहिले होते. ते चिमट्याने एकेक काढत होते आणि पती पलंगावर टेकून त्यांना दोन गाड्यांमधला फरक समजावून सांगत होते. निळीचं वजन कमी, पण तिचा ब्रेक भरवशाचा नाही. काळीची नळी जवळ आहे, पण त्यावर जाळी बसवून मिळते. डॉक्टरांचा चिमटा मला दिसत होता. तो कितपत आत जात होता हे मला दिसत होतं. पतींच्या आवाजात कुठेही फरक पडत नव्हता.

“तुमी कुठली वापरता डॉक्टर?”

“मी कार वापरतो मास्तर,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी चिमटा ठेवला. “साखर कधीपासून आहे?”

“हाय थोडी. गोळी घेतो.”

“रोज?”

पती उतरवलेला मोजा सरळ करू लागले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला माहीत नव्हतं.

त्यांनी दोन्ही पाय तपासले. डाव्या पायाला थोडं कळत होतं. उजव्या पायाला घोट्याखाली जवळजवळ काही कळत नव्हतं. साखरेने नसा गेल्या आहेत, एका दिवसात गेलेल्या नाहीत, आणि गेलेल्या परत येतील असं आपण सांगणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. रोज तळवे बघायचे. स्वतःला दिसत नसतील तर बायकोने बघायचे. घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. जखम भरेपर्यंत गाडी चालवायची नाही.

“आणि भरल्यावर?” मी विचारलं.

डॉक्टर हात धूत होते. “आधी भरू द्या,” ते म्हणाले.

पतींनी त्यातलं ‘भरेपर्यंत’ तेवढं घरी आणलं. पण तेही पाळलं नाही. जखम वरवर सुकल्यासारखी दिसायला लागल्यावर त्यांनी पट्टीवरून मोठा बूट चढवला आणि जुन्या मोटरसायकलला किक मारली. मी दारात आडवी उभी राहिले.

“बाजूला हो. प्रार्थना चुकायलीय.”

“पायाला कळत नाही तुमच्या.”

“इतकी वर्षं त्याच रस्त्यानं जायलोय. पायाला पाठ हाय ते.”

मी बाजूला झाले. मोटरसायकल फाटकातून बाहेर गेली. ब्रेकचा लाल दिवा गल्लीच्या टोकापर्यंत लागलेला दिसला. वळण्याआधी दाबला असेल असं मी धरून चालले.

त्यानंतरच्या सकाळी कशा गेल्या ते नोंदवणं अवघड नाही. अपघात झाला की पोलिस ठाण्यातून, नाहीतर रस्त्यावरच्या एखाद्या हॉटेलवाल्याकडून मला फोन येतो. माझे प्रश्न ठरलेले असतात: कुठे, केव्हा, किती जण. त्या दिवसांत फोन वाजला की मी आधी विचारू लागले, “गाडी कुठली?” एकदा ठाण्यातला हवालदार म्हणाला, “मॅडम, आधी जागा तर ऐकून घ्या.” त्याने जागा सांगितली. ती आमच्या रस्त्यावरची नव्हती. मी बातमी लिहिली, पाठवली, आणि मग शाळेत फोन करून पती वर्गात आहेत का ते विचारलं. शिपाई म्हणाला, “हायत की. काल बी तुमी इचारलं व्हतं.”

पतींचा निर्णय तोवर झाला होता. निळी बाद, काळी पक्की. फेब्रुवारीत आम्ही कलबुर्गीला गेलो. बसने जायचं यावर मी अडून बसले आणि त्यांनी ऐकलं. दोन्ही कंपन्यांची शोरूम एकाच रस्त्यावर समोरासमोर आहेत. निळीच्या दारावरून जाताना त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

“बर्री सर, बर्री,” विक्रेता पुढे आला. तिशीचा, हसऱ्या चेहऱ्याचा. कन्नड, दखनी आणि मराठी तो एकाच वाक्यात वापरायचा. “काळी ना? बैठके देखो. आरामसे. मॅडमको भी बिठाव.”

गाडी उभ्या स्टँडवर, भिंतीकडे पाठ करून लावलेली होती. पती चढले. विक्रेत्याने किल्ली फिरवली. मी मागे, गाडी आणि भिंत यांच्या मध्ये गेले. मला मागची दांडी पुन्हा धरून बघायची होती. ब्रेकचा लाल दिवा लागलेला होता.

“ब्रेक सोडा की,” मी म्हणाले.

“धरलाय कुठं?”

“दिवा लागलाय.”

“पाय खालच्या दांडीवर हाय माझा.”

“स्विच अडक्या रहेगा,” विक्रेता म्हणाला. “नई गाडी है, होता है.” तो उजव्या बाजूला जाऊन खाली बसला. त्याने आधी पेडल पाहिलं. मग त्याने पतींच्या बुटाचं टोक दोन बोटांनी उचललं. दिवा गेला. बोटं काढली. दिवा लागला. त्याने पुन्हा एकदा तसं केलं आणि मग तो उठून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं.

“काय झालं?” पती म्हणाले. “कोण हात लावायलंय?”

त्यांना खाली काही जाणवलं नव्हतं. त्यांनी हँडलवरच्या आरशात मला शोधलं. मागची भिंत पांढऱ्या फरशीची होती. तिच्यावर लाल उजेड पडला होता आणि तो आरशात दिसत होता. त्यांनी उजेडाकडे पाहत पाय उचलला. भिंत पांढरी झाली. पाय ठेवला. लाल. दोन-तीनदा त्यांनी हे केलं, खाली न बघता, फक्त आरशात बघत.

मग त्यांनी डोळे मिटले.

“आता म्या सांगतो,” ते म्हणाले. “तू चूक-बरोबर तेवढं सांग.”

“अहो, उतरा.”

“सांग म्हणलं ना. आता सोडलाय.”

भिंत लाल होती. “नाही,” मी म्हणाले.

“आता?”

“नाही सुटला.”

“आता दाबला. हलकासा.”

“आधीपासून दाबलेला आहे.”

विक्रेता दोन पावलं मागे सरकला होता. पलीकडच्या टेबलावरच्या मुलीने टायपिंग थांबवलं. पतींनी पाय उचलला, यावेळी गुडघ्यातून, बराच वर. “आता सुटला,” ते म्हणाले.

“हो.”

“हा गुडघ्याला कळला.” त्यांनी पाय हळूहळू खाली आणला. मी भिंतीकडे बघत होते. ती लाल झाली. मी थांबले. ते काही बोलले नाहीत. डोळे मिटलेलेच होते. मी आणखी थांबले.

“अजून टेकला न्हाई ना?” त्यांनी विचारलं.

मला उत्तर द्यायला वेळ लागला. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडून आरशात पाहिलं. बराच वेळ ते तसेच पाहत राहिले. त्यांचे दोन्ही हात हँडलवर होते.

“टेंपो समोर आला तवा,” ते म्हणाले, “म्या पाय वर घेतला व्हता. मला तसं वाटलं व्हतं.”

मग थोड्या वेळाने: “तू मागं व्हतीस.”

उतरताना त्यांनी पाय सीटवरून पलीकडे नेला आणि तो जमिनीला टेकला की नाही हे खाली वाकून पाहिलं. विक्रेत्याने त्यांना कोपराला धरलं. पतींनी ते धरू दिलं.

“सर, बुकिंग बाद में करते,” तो म्हणाला. “पानी पीव. बैठो.”

“गाडीत दोष न्हाई,” पती त्याला म्हणाले. “गाडी चांगली हाय.”

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारीशेजारी बसलो. कमलापूरला बस थांबली तेव्हा ते म्हणाले, “रोज शाळेपुढं पोरं रस्ता ओलांडत असत्यात.” मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. बस सुटल्यावर त्यांनी विचारलं, “गोळ्या कुठं ठिवल्यात तू?” मी सांगितलं, फ्रिजवरच्या डब्यात.

निळी घ्यायची नाही आणि काळी घ्यायची नाही, असं त्यांनी शब्दांत कधी सांगितलं नाही. कारवारचं नावही निघालं नाही. घरी आल्यावर त्यांनी खुर्चीत बसून उजवा पाय माझ्याकडे केला. मी पट्टी सोडली. वरची कातडी सुकलेली होती. कडेला बोट लावलं तेव्हा खालून पाणी आलं. मी बोट लावलं आहे हे त्यांना कळलं नव्हतं. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जखम पुन्हा उघडली. आत धसकटाची एक काडी होती.

सोमवारी पती शाळेला बसने गेले. तेव्हापासून बसनेच जातात. आज सकाळी मी पट्टी बदलली. जखम अजून ओली आहे.